पाखराच्या जातीचं कुत्रं रानात आणताना

लातूर असो, परभणी असो की अंबाजोगाई, नव्या वसाहतीत आता लॅब्राडोर दिसतोच. पोरांच्या हट्टापायी आणतात, वर्षभर लाड होतात. मग कुत्रं अंगानं भरतं, चपला फाडतं, पाहुण्याच्या छातीवर पाय टेकतं आणि एक दिवस त्याच्या गळ्यात साखळी पडते ती कायमची. "ह्याच्यात काही राम नाही, नुसतं खातंय," असा शिक्काही बसतो. त्या जनावराला कुणी काम दिलेलं नसतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

लॅब्राडोर ही मुळात पाखराच्या शिकारीसाठी घडवलेली जात. न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांची पोहणारी कुत्री एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये गेली. तिथल्या जमीनदारांनी त्यांच्यापासून, पडलेलं पाखरू तोंडात अलगद धरून आणणारं कुत्रं तयार केलं. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल, पॉइंटर हे याच गोतावळ्यातले. कॉकर झुडपात घुसून पाखरू उठवतो. पॉइंटर वास लागला की एक पाय उचलून जागच्या जागी ताठ उभा राहतो. लॅब्राडोर आणि गोल्डन पडलेलं हुडकून आणतात. कामं वेगळी असली तरी सगळ्यांचं भांडवल एकच, तेज नाक आणि माणसाच्या जोडीनं काम करायची हौस.

आपल्याकडं लोकांना पश्मी आणि कारवान माहीत. लातूर भागात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळतात, त्यामुळं कुत्र्याबद्दलच्या आपल्या अटकळीही त्यांच्यावरूनच बांधलेल्या असतात. पण ती डोळ्यावर पळणारी जात. ससा दिसला की माळ ओलांडून दिसेनासं व्हायचं, हाक कानावर घ्यायची नाही, हेच त्यांच्या रक्तात आहे. पाखराची बहुतेक कुत्री बंदुकीच्या टप्प्यात राहून काम करायला घडवलीत. पंचवीस-तीस पावलांत फिरायचं आणि दर थोड्या वेळानं मान वळवून मालकाकडं बघायचं. त्याचं हे मागं वळून बघणं टिकवणं आणि वाढवणं म्हणजेच शिकवण. पळणं, हुंगणं, उचलणं त्याला जन्मजात येतं. ते शिकवायला तुमची गरज नाही.

आधी कायद्याचं

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याच्या कलम २(१६) मधली शिकारीची व्याख्या वाचून ठेवा. नुसता जीव मारणं म्हणजेच शिकार, असं त्यात नाही. पकडणं, पाठलाग करणं, हाकणं, फासे लावणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न, हे सगळं त्यात येतं. अंडी आणि घरटी नासणंही येतं. म्हणजे "मी कुठं मारलं, कुत्रं गेलं मागं" ही सबब चालत नाही. तितर, लावा, मोर, ससा, हरीण यांच्यावर कुत्रं सोडणं हा गुन्हा आहे. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या किंवा जायकवाडीच्या पाणपसाऱ्याच्या आसपास ज्यांची शेती आहे त्यांनी तर कुत्र्याला दोरीशिवाय बांध ओलांडू देऊ नये.

मग या कुत्र्याला काम कोणतं? फेकलेली वस्तू हुडकून आणणं, रानात राहिलेलं दावं, विळा, हातमोजा शोधणं, शेततळ्यापासून गोठ्यापर्यंत तुमच्या पायात न येता तुमच्याबरोबर चालणं. त्याचं नाक आणि पाय थकले की झालं. तोंडात पाखराऐवजी जुन्या जीन्सची शिवलेली गुंडाळी असली तरी त्याचं काही अडत नाही. जोंधळ्यावरची पाखरं हाकायला मात्र कुत्रं आणू नका. कणसावर बसलेली पाखरं त्याच्या उंचीच्या वरची, आणि त्याच्या धावण्यानं ताटं मोडतील ती वेगळीच.

कधी आणावं, कसं निवडावं

आपल्या हवामानात पिल्लू दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरात यावं. पुढचे चार महिने थंडीचे मिळतात, दुपारी बाराला सुद्धा रानात नेता येतं, आणि उन्हाळा लागेपर्यंत पायाभरणी झालेली असते. एप्रिलात आणलेलं पिल्लू जून उजाडेपर्यंत फरशीवर पंख्याखाली पडून राहतं आणि बाहेरचं जग बघायचं त्याचं वय निघून जातं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं त्याला ते आपलं मानतं. पुढं भेटलेल्या नव्या गोष्टीला ते आधी बिचकतं.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसाठी २०१७ साली आलेले केंद्राचे नियमही तेच सांगतात. "लहान घेतलं की लळा लागतो" असं विकणारा म्हणेल, पण चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. आई बघायला मागा. ती माणसाला भिऊन कोपऱ्यात सरकत असेल किंवा दात दाखवत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत फिरा. आई ठीक वाटली तर एका कागदाचा बोळा करून पिल्लापुढं टाका. मागं धावणारं चांगलं. उचलून तुमच्याकडं वळणारं मिळालं तर दुसरं बघूच नका. टाळी वाजवा. दचकलं तर हरकत नाही, दचकून पुन्हा पुढं आलं पाहिजे.

पहिला आठवडा

घरात आणल्यावर गल्ली गोळा करू नका. हा आपला खास दोष. अख्खी भावकी बघायला येते आणि ते बिचारं पलंगाखाली जाऊन मुततं. पहिले दोन-तीन दिवस घरची माणसं, एक खोली, एक पोतं किंवा गोधडी, पाण्याचं भांडं, एवढंच जग त्याला पुरतं.

रात्री ते रडणार. त्याला अंगणात, गोठ्यात, गच्चीवर एकटं टाकायचं नाही. तुमच्या अंथरुणाजवळ खोक्यात ठेवा, हात खाली सोडला की लागेल इतकं जवळ. आठवड्याभरात खोकं हळूहळू दाराकडं सरकवा. "सवय लावू नका, डोक्यावर बसेल" असं घरातली मोठी माणसं म्हणतील. त्यांना म्हणावं, आज्जी, हे आईपासून काल तुटलंय. ज्या माणसाच्या वासाजवळ ते निजलं, त्याच माणसाला ते पुढं रानात शोधणार आहे.

शी-शूला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर, रोज त्याच जागी. घरात झालं तर नाक घासू नका, पुसून मोकळे व्हा.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढं दोनदा खायला. भाकरी-दुधावर आपली गावरान कुत्री जगतात म्हणून लॅब्राडोरचं पिल्लू वाढत नाही. त्याला उकडलेलं अंडं, चिकन किंवा पिल्लांसाठीचं तयार खाद्य लागतं. दुधानं पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. कांदा-लसणाची फोडणी घातलेली आमटी बंद. चॉकलेट बंद. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, त्यामुळं कडवंचीसारख्या द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी बागेत पडलेल्या घडांवर लक्ष ठेवावं. शिजवलेलं हाड फुटून आतड्याला टोचतं, तेही नको.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांला सुरू होतं, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतं. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तशी वर्षाला. पार्व्हो या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत गावची कुत्री फिरतात त्या उकिरड्यावर, पारावर, बसस्टँडवर पिल्लू खाली सोडू नका. पण घरात कोंडूही नका. कडेवर घेऊन बाजार दाखवा, एसटी दाखवा, ट्रॅक्टर दाखवा. तालुक्याला जमलं नाही तर परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं तपासणी होते.

लळा म्हणजे काय

कुरवाळण्यानं कुत्र्याला लळा लागतो हे अर्धंच खरं. तुमच्याकडं बघितलं की चांगलं काहीतरी घडतं, हा अनुभव त्याला दिवसात शंभरदा यावा लागतो.

पहिल्या महिन्यात त्याच्या खाण्यातला निदान एक वाटा हातानं भरवा. मुठीत चार दाणे घ्या. ते मूठ चाटेल, खरवडेल, कुरतडेल. गप्प बसा. कधीतरी ते वैतागून तोंड मागं घेईल आणि तुमच्या डोळ्यांत बघेल. त्या क्षणी "शाब्बास" म्हणून मूठ उघडा. दोन सेकंदांनी उघडली तर त्याला वाटतं दाणा खाली बघितल्याबद्दल मिळाला. दोन-चार दिवसांत मूठ पुढं आली की पिल्लू मुठीकडं न बघता तुमच्या तोंडाकडं बघायला लागतं. बघा एकदा, माणूसही असा बघत नाही.

लॅब्राडोर यात सगळ्यात सोपा, कारण तो हावरा असतो. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना बऱ्याच लॅब्राडोरांमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकात बिघाड सापडला. म्हणजे त्याची भूक खोटी नाही, पण तिला अंत नाही. तीच भूक तुमचं चलन आहे. फक्त बक्षिसाचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठेवा आणि तेवढं जेवणातून कमी करा.

मग हाच खेळ रानात. लसी झाल्या की मोकळ्या, कुंपण असलेल्या वावरात पिल्लाला घेऊन जा आणि काही न बोलता चालत राहा. हाक मारू नका. ते काहीतरी हुंगत मागं राहील. चालताना दिशा बदला, बांधाआड बसा, लिंबाच्या खोडामागं उभे राहा. या वयाचं पिल्लू एकटं पडलं की घाबरतं आणि तुम्हाला शोधतं. सापडलात की उत्सव करा. या वयात त्याला तुमची गरज जास्त असते, आणि हीच सवय सहाव्या-सातव्या महिन्यात, जेव्हा त्याला पंख फुटतात, तेव्हा उपयोगी पडते. सतत नाव घेऊन ओरडणारा मालक कुठं आहे हे कुत्र्याला कायम माहीत असतं, मग ते कशाला बघेल?

शेजारचे काका बांधावरून विचारतील, "काय मालक, कुत्र्यासंगं लपाछपी मांडली का?" मांडली म्हणा.

पाच शब्द, घरात सगळ्यांचे सारखे

ये. बस. थांब. दे. हुडक.

नाव दोन अक्षरी आणि या शब्दांपासून लांबचं असावं. 'येसू' ठेवलंत तर प्रत्येक हाकेला ते उठून येईल. मोती, राजा, वाघ्या यांच्यात काही वाईट नाही. इंग्रजी जातीला इंग्रजी नावच हवं असं कुणी सांगितलं?

घरात बाप "कम" म्हणतो, आई "इकडं ये रे सोन्या" म्हणते, पोरगं शिट्टी मारतं, आणि तिघंही म्हणतात कुत्रं ऐकत नाही. भिंतीवर कागद चिकटवा, पाच शब्द लिहा आणि पाहुण्यांनाही तेच म्हणायला लावा.

'ये' हा शब्द सोन्यासारखा जपा. आल्यावर कधीही रागवायचं नाही, आंघोळीला, इंजेक्शनला, साखळीला बोलवायला तो वापरायचा नाही. त्या कामांसाठी उठून त्याच्याकडं जा. आणि ते येणार नाही अशी खात्री असेल, समोर कोंबडी फडफडतेय, तर हाक मारूच नका. दहादा न ऐकलेला शब्द मेला. 'बस' शिकवायला तुकडा नाकावरून डोक्यामागं न्या, ढुंगण आपोआप टेकतं. बसलेलं असताना एक पाऊल मागं जा, परत या, बक्षीस द्या; मग दोन पावलं. आधी वेळ वाढवा, मग अंतर. दोन्ही एकदम वाढवली की ते उठतं आणि दोष त्याला मिळतो.

एकावेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. यापेक्षा जास्त नको. मारणं, कान पिरगाळणं, शॉकचा पट्टा, काही काही नको. पाखराच्या जातीची कुत्री मऊ मनाची असतात. एका फटक्यानं पश्मी रुसतो, लॅब्राडोर हसण्यावारी नेतो असं वाटतं, पण कॉकर दोन दिवस पलंगाखालून निघत नाही.

आणून देणं

इथं घाई करू नये, कारण इथं झालेली गडबड नंतर निस्तरणं फार कठीण जातं.

जुना मोजा घ्या, त्यात चिंध्या भरा, गाठ मारा. कुत्रं मोठं झाल्यावर जीन्सच्या पायाची शिवलेली, अर्ध्या किलोच्या आतबाहेरची गुंडाळी. जागा म्हणून घरातला बोळ किंवा अरुंद जिन्याखालची वाट निवडा, ज्याला एकच तोंड आहे आणि त्या तोंडाशी तुम्ही बसलाय. मोजा त्याच्या नाकापुढं हलवा, पाच-सहा फुटांवर टाका. पिल्लू धावेल, उचलेल आणि मग आपल्या गादीकडं घेऊन जायला बघेल. बोळात तुमच्याजवळूनच जावं लागतं.

आलं की लगेच मोजा हिसकायचा नाही. ही गोष्ट पंचाण्णव टक्के लोक चुकवतात असं मी म्हणणार नाही, पण जितक्या अंगणात बघितलं तितक्या अंगणात हेच दिसलं. मोजा तोंडात असू द्या, छाती खाजवा, कौतुक करा. आणून दिलं की आपली वस्तू जाते असं वाटलं तर ते पुढच्या वेळी दोन हात लांब थांबेल आणि मग पळवापळवी सुरू. थोडं थांबून तुकडा नाकाशी धरा, तोंड उघडताना "दे" म्हणा. मोज्याला ओढायचं नाही. ओढलं की दात रोवायची सवय लागते, आणि या कुत्र्यांचा सगळा मान त्यांच्या मऊ तोंडात आहे. चांगल्या लॅब्राडोरच्या तोंडातून कोंबडीचं अंडं न फुटता परत मिळतं.

तीन-चार फेका झाल्या की बंद, त्याला आणखी हवं असतानाच बंद. मोजा उचलून कपाटात. तो त्याचं खेळणं नाही, तुमच्याबरोबरचं काम आहे. चार ते सहा महिन्यांत दात पडतात, हिरड्या दुखतात. त्या काळात उचलायला नको म्हणत असेल तर महिनाभर विषय सोडा.

घेऊन पळालंच, तर मागं धावू नका. उलट्या दिशेनं पळा, खाली बसा, जमिनीवर काहीतरी फार भारी सापडल्याचं नाटक करा.

आवाज

बंदूक आपल्याला उडवायची नाही, पण सुतळी बॉम्ब आहे, पोळ्याची हलगी आहे, डीजे आहे. जेवताना दूरच्या खोलीत कुणीतरी ताट वाजवावं. खाणं थांबलं तर आवाज लांब न्या, चालू राहिलं तर दुसऱ्या दिवशी थोडा जवळ. पहिल्या दिवाळीत मात्र फटाके बघायला अंगणात बांधू नका. घरात, पंखा आणि टीव्ही चालू, तुम्ही शेजारी.

कोंबड्या, शेळ्या, धनगराच्या मेंढ्या

आधी दोरीवर. कोंबडी दिसली की पिल्लू ताठ होतं. ते तुमच्याकडं वळून बघेपर्यंत थांबा, बघितलं की दाणा. रोज पाच मिनिटं कोंबड्यांसमोर नुसतं बसवा. चार-पाच आठवड्यांत त्याला कोंबड्यांचा कंटाळा आला पाहिजे. कळप घेऊन धनगर शिवारात उतरलेले असतील तेव्हा तुमचं कुत्रं बांधलेलं असावं. त्यांची राखणीची कुत्री चौकशी करत बसत नाहीत.

रान आपलं असलं तरी

इथं जरा वेळ घेतो, कारण शिकवलेली कुत्री शिकवणीतल्या चुकीनं मरत नाहीत, यातल्याच कशानं तरी जातात.

ऊन. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत काम सकाळी सातच्या आत. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यालाही सोसत नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ नाहीच, ते धापेवरच थंड होतं. जीभ रुंद होऊन गडद लाल झाली, लाळ घट्ट झाली, चाल अडखळली की काम थांबवून सावलीत न्या. पोट, काखा, जांघा साध्या पाण्यानं भिजवत राहा, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. बर्फ नको, तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतणं नको. केस भादरू नका, ते उन्हापासूनही राखतात. आणि मोटारसायकलीमागं कुत्रं पळवत नेणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तो व्यायाम नाही. वर्षाच्या आतल्या लॅब्राडोरचे खुबे त्यानं कायमचे बिघडतात.

शेततळं. प्लास्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्याला चढण नसते. कुत्रं पाणी बघून उडी मारतं, पोहतं, काठाशी येतं आणि कागदावरून घसरतं, पुन्हा पुन्हा. पट्टीचं पोहणारं कुत्रंही त्यात दमून बुडतं. चारी बाजूंना कुंपण करा, निदान एका बाजूला गाठी मारलेला जाड दोर आणि टायर बांधून सोडा. पोहणं शिकवायचं ते पाझर तलावाच्या उतरत्या काठावर. तुम्ही आधी पाण्यात, गुडघाभर, आणि मोजा हातभर अंतरावर. उचलून पाण्यात टाकलेलं कुत्रं पाण्याचं आणि तुमचं, दोघांचं नाव टाकतं.

कुसळ. पावसाळा सरता सरता माळावरचं कुसळी गवत वाळतं. त्याचं कुसळ एकाच दिशेनं सरकतं, पुढं, आत. रानातून आल्यावर कुत्र्याला कुशीवर निजवा आणि बोटं एक-एक फाकवून बघा, पुढच्या पायापासून. दोन बोटांमधली पातळ कातडी उजेडाकडं धरली की तांबूस दिसते. तिथं दाण्याएवढी फुगवटी, ओलसर, आणि भोवतीचे केस चिकटलेले असले की कुसळ आत शिरलेलं असतं. टोक दिसत असेल तर चिमट्यानं ओढा, नसेल तर कोरत बसू नका, डॉक्टरकडं जा. कान लोंबते असल्यानं कानात शिरलेलं दिसत नाही. एकाच बाजूला डोकं झाडायला लागलं की समजा. सराटे त्यामानानं परवडले, ते निदान वरच दिसतात.

विष आणि तार. उंदरासाठी झिंक फॉस्फाईड लावलेल्या गोळ्या, थायमेटसारखी दाणेदार औषधं, बियाण्याला चोळलेली औषधं, फवारणीचा पंप धुतलेलं डबकं. रानडुकरासाठी लोक तारेत करंट सोडतात, तेही विचारून घ्या. शेजाऱ्याशी बोलणं असणं हा कुत्र्याच्या सुरक्षेचा भाग आहे.

गोचीड. कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली रोज हात फिरवा. गोचीडतापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. बैलाचं औषध अंदाजानं पिल्लाला चोळू नका, त्यानं जीव जातो.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडं आहेत, आणि कुत्रं नाक पुढं करून जातं म्हणून चावा बहुधा तोंडावर किंवा पायावर बसतो. कापणं, बांधणं, पाला लावणं यात वेळ घालवू नका. उचलून न्या, चालवत नेऊ नका. निघतानाच फोन करून सर्पविषाची लस आहे का ते विचारा.

दोरी, शिट्टी, मग पाखरू

पाचव्या-सहाव्या महिन्यात सुती दोरी घ्या, आठ-दहा मीटर, कासऱ्याच्या जाडीची, पण फास न बसणारी. ती छातीच्या पट्ट्याला बांधा आणि जमिनीवर ओढत जाऊ द्या. ओढून आणायला ती नाही, टोकावर पाय ठेवायला आहे. रिकाम्या वावरात फिरा. पंचवीस-तीस पावलांपुढं ते जायला लागलं की मुकाट्यानं दिशा बदला. वळून बघितलं की दाणा, दरवेळी.

शिट्टी आत्ता आणा, कारण वाऱ्यात आवाज पोचत नाही आणि रागावलेला आवाज कुत्र्याला ओळखू येतो. शिट्टी रागावत नाही. छोट्या छोट्या तीन फुंका म्हणजे 'ये'. एक लांब फुंक म्हणजे जिथं आहेस तिथं बस. आधी जेवणाच्या वेळी अंगणात, मग ओट्यावरून, मग रानात. लांब फुंकेवर बसणं पक्कं झाल्याशिवाय पुढचं वाचू नका.

थंडीत, सकाळी, काढणी झालेल्या सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या कडेनं वाऱ्याच्या उलट चाला. वारा तोंडावर असला की वास त्याला आधी लागतो. बांधाच्या गवताशी आलं की बघा काय होतं. शेपटीचं हलणं तोकडं आणि जलद होतं, नाक जमिनीपासून वितभर वर येतं, श्वासाचा आवाज ऐकू येतो, फुस-फुस-फुस. पॉइंटर असेल तर इथंच थिजेल. लावा पायाखालून भुर्रकन उठतो, तुम्हीसुद्धा दचकता. नेमक्या याच क्षणासाठी गेले सहा महिने गेलेत. लांब फुंक मारा आणि दोरीवर पाय द्या. ते बसलं की तुम्ही त्याच्यापर्यंत चालत जा, तिथंच भारीतलं बक्षीस द्या, आणि पाखरू गेलं त्याच्या उलट दिशेला गुंडाळी फेकून 'हुडक' म्हणा. पाखरू उठलं की बसायचं आणि मालकाकडं बघायचं, म्हणजे मालक काम देतो, एवढं एकदा त्याच्या डोक्यात बसलं की पुष्कळ झालं.

दोरी लवकर सोडू नका. चांगलं चाललंय असं वाटायला लागलं की आणखी महिनाभर ठेवा, मग एक-एक मीटर कापत जा. एकदा जरी कुत्रं तितरामागं मनसोक्त पळालं तर त्याला कळतं की तुमच्याशिवायही मजा आहे. तसं झालं तर मारहाण न करता त्याच दिवशी परत लांब दोरीवर या आणि आठवडाभर पाखरं नसलेल्या रानात फिरवा. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत तर पाखरांच्या रानात नेऊच नका. टिटवी उघड्या ढेकळात अंडी घालते, तितर आणि लावा बांधाच्या गवतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली की जिथं आहात तिथून कुत्र्याला दोरीला लावून आल्या वाटेनं परत फिरा.

या दिवसांत 'हुडक'चं काम गोठ्याच्या आसपास चालू ठेवा. तुमचा रुमाल आधी डोळ्यांदेखत कडब्याच्या गंजीआड, मग न दाखवता, मग तासभर आधी ठेवून आलेला. मोठं, दुसऱ्याकडून आलेलं कुत्रं असलं तरी याच क्रमानं जा. फक्त पहिल्या आठवड्याच्या जागी पहिले दोन महिने धरा, आणि तोवर कुंपणाबाहेर दोरी काढू नका.